मास्क लावला तर डोळा कसा आखायचा?

मागच्या वर्षी हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी एक कागद चिकटवून आले होते. ए-फोर आकाराचा, लॅमिनेट केलेला, वर ठळक अक्षरांत ‘धुळीपासून बचाव करा’ आणि खाली आठ सूचना. त्यातल्या सात मी इंग्रजी मार्गदर्शिकांतून मराठीत आणल्या होत्या. आठवी माझी स्वतःची, आणि आज तीच वाचताना सगळ्यात जास्त लाज वाटते: ‘काम करताना आरोग्याकडे दुर्लक्ष करू नका.’

यंदा माघी गणपती झाल्यावर परत गेले. कागद जागेवर होता. त्याच्यावर स्प्रेचा गुलाबी थर बसला होता, ‘बचाव’ एवढंच काय ते वाचता येत होतं, आणि कोपऱ्यात कोणीतरी मार्करने काथ्यावाल्याचा फोन नंबर लिहून ठेवला होता. म्हणजे कागदाचा उपयोग झाला होता म्हणायचा.

एरवी या ब्लॉगवर मी माझ्या पीएच.डी.तल्या मोजमापाच्या गोष्टी सोप्या करून सांगते. हवेतली धूळ कशी मोजतात, फिल्टरचा कागद आधी आणि नंतर का तोलतात, वगैरे. आज ते नाही. आज परीक्षण लिहायचंय. पुस्तकांचं, सिनेमांचं परीक्षण होतं, पण सुरक्षिततेच्या सूचनापत्रकांचं कोणी करत नाही. खरं तर तेही लेखनच आहे. कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेलं असतं, आणि ते बरं किंवा वाईट असू शकतं. माझं वाईट होतं. का, ते शोधताना इतरांचीही पुन्हा वाचली.

ज्यांनी हमरापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलात की जितेनंतर आणि पेणच्या आधी हे छोटं स्टेशन लागतं. गणेशमूर्तींसाठी नाव झालं पेणचं, पण मूर्ती मोठ्या संख्येने घडतात त्या हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर या आजूबाजूच्या गावांत. घराच्या पडवीत, अंगणात घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर ताडपत्रीच्या मांडवात. इथून रंगवलेल्या मूर्ती जातात तशा कच्च्याही जातात, म्हणजे बिनरंगाच्या, ज्या दुसऱ्या गावचा कारागीर रंगवतो. या जागेला इथे वर्कशॉप वगैरे कोणी म्हणत नाही. म्हणतात कारखाना. हा शब्द लक्षात ठेवा, कायद्याकडे आलो की लागेल.

आता काम कसं चालतं ते जरा सावकाश पाहू, कारण पत्रकं नेमकी इथेच घाई करतात.

पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. जिप्सम साधारण दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी निघून जातं आणि पांढरी पूड उरते. या पुडीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, घट्ट होते आणि घट्ट होताना तापते. गोणी फाडून टबात ओतली जाते तेव्हा उठतो तो दिवसातला पहिला ढग. मग रबराच्या साच्यात पातळ थर, त्यावर पीओपीत बुडवलेला काथ्या, पुन्हा थर. हे सगळं उघड्या हातांनी. साचा सोडवला की मूर्तीचे सांधे भरायचे आणि मग पॉलिश पेपरने घासायचं. दुसरा ढग इथला, आणि तो मोठा. घासायला बहुतेक करून बायका असतात, हमरापुरातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून येणाऱ्या, आणि मजुरी बऱ्याचदा नगावर. मूर्ती मांडीत घेऊन घासतात. म्हणजे नाक आणि पॉलिश पेपर यांच्यात वीतभर अंतर. धूळ मोजायचं यंत्र आम्ही कॉलरला अडकवतो ते यासाठीच. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं तर तो आकडा कोपऱ्याचा येतो, बाईचा नाही.

नंतर रंग. अंगरंग, शेडिंग, धोतर, शेला, सोनेरी. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, तीही हातानेच. आणि संध्याकाळी कोरड्या झाडूने झाडलोट. तिसरा ढग. झाडणारं माणूस घरातलं असतं, पुष्कळदा म्हातारं, आणि त्याचं नाव कोणाच्याच मजुरीच्या वहीत नसतं.

पीओपीची धूळ किती वाईट? इथे प्रामाणिक राहायला हवं, कारण भीती घातली की लोक पुढचं काही ऐकत नाहीत. अमेरिकेत ‘ओशा’ने पीओपीसाठी घातलेली मर्यादा अशी आहे: एकूण धूळ घनमीटरला १५ मिलिग्रॅम आणि फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ ५ मिलिग्रॅम. त्याच ‘ओशा’ची स्फटिक सिलिकाची मर्यादा आहे ०.०५ मिलिग्रॅम. शंभरपट फरक. पीओपी म्हणजे सिलिका नव्हे, त्याने सिलिकोसिस होतो असं म्हणणं चूक. पण म्हणून ‘पांढरी पूड आहे, काही होत नाही’ हेही चूक. डोळे चुरचुरतात, नाक आणि घसा कोरडा पडतो, खोकला लागतो, दमा असेल तर उसळतो. हात तडकतात. आणि पीओपी भाजतंही. इंग्लंडमध्ये २००७ साली लिंकनशरच्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने हाताचा ठसा घ्यायला हात पीओपीच्या भांड्यात ठेवले, ते घट्ट झालं, तापलं, आणि तिची बहुतेक बोटं काढावी लागली. हमरापूरच्या कारागिराला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, ‘घट्ट व्हायला लागलं की हात काढायचा, हे कळायला शाळा कशाला पाहिजे?’ त्याच्या शेल्फावर खोबरेल तेलाची बाटली होती. सकाळी हात चोळल्याशिवाय तो टबाला शिवत नाही. माझ्या पत्रकात ‘हातमोजे वापरा’ असं होतं. तेलाचा उल्लेख नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं.

रंगाचं प्रकरण जास्त गंभीर वाटतं मला. पिवळ्या आणि लाल रंगांत पूर्वापार शिशाची संयुगं वापरली जातात. भारतात २०१६ साली नियम झाले, घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते पुढल्या वर्षी लागू झाले. चांगला नियम आहे. पण औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. मूर्तीवर मारायचा रंग घरगुती, सजावटीचा की औद्योगिक? आणि तो डब्यातून येण्याऐवजी पॉलिथिनच्या पुडीतून, लेबल नसलेला, सुटा आला तर? पत्रक म्हणतं ‘डब्यावरील सूचना वाचा’. मी पाहिलेल्या पुडीवर एकच गोष्ट लिहिलेली होती, वजन.

आता पत्रकांकडे.

हमरापूरपर्यंत खरोखर पोचलेली, प्रत्येकाच्या तोंडी असलेली मार्गदर्शिका एकच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची, १२ मे २०२० ची, मूर्ती विसर्जनाबाबतची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं. पहिली २०१० ची होती. कारखान्यात कोणालाही विचारा, ‘मंडळाने पीओपी बंद केली’ हे वाक्य ऐकायला मिळेल. नंतर कोर्टात काय काय झालं, २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक कशी दिली, जुलैत सहा फुटांपेक्षा उंच मूर्तींच्या विसर्जनाचं काय ठरलं, हे इथल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त तारीखवार पाठ आहे. पोट आहे त्यात.

ही तत्त्वं मी सुरक्षिततेचं पत्रक म्हणून वाचली. तुम्ही म्हणाल, हा अन्याय झाला. ती त्यासाठी लिहिलेलीच नाहीत. मान्य. नावातच विसर्जन आहे, विषय पाणी आहे, आणि पाण्याच्या बाजूने ती बरोबरच आहेत. पण मूर्तिकाराने काय वापरावं, काय वापरू नये हे त्याला सांगणारा सरकारी कागद त्याच्या आयुष्यात हाच. विषारी रंग नकोत, तैलरंग नकोत, नैसर्गिक रंग वापरा. हे पाळलं तर स्प्रे मारणाऱ्याचंही भलं होईल. पण होईल ते चुकून. कागदाचं लक्ष मूर्ती पाण्यात पडते त्या क्षणावर आहे. त्या आधीचे सहा-आठ महिने ती कोणाच्या तरी मांडीत असते.

आणि हा नुसता शब्दच्छल वाटत असेल तर शाडूकडे पाहा. पीओपीला पर्याय म्हणून शाडू सांगितला जातो. पाण्यासाठी तो बरा. फुप्फुसासाठी? माती म्हटली की तिच्यात क्वार्ट्झ आलाच, म्हणजे तीच स्फटिक सिलिका, जिची मर्यादा शंभरपट कडक आहे. कोणत्या खाणीच्या मातीत किती, हे वेगवेगळं असतं. कुंभारकामातल्या लोकांचा सिलिकोसिस जगभर नोंदलेला आहे. घाबरू नका, शाडूची मूर्ती ओली असतानाच घडते आणि पाण्याच्या ब्रशने साफ होते, त्यामुळे घासण्याचा तो मोठा ढग तिथे नसतो. धोका असतो तो कोरडी माती कुटताना, चाळताना आणि झाडताना. म्हणजे ‘चाळण्याआधी माती भिजवा, जमीन कोरडी झाडू नका’ एवढी एक ओळ ‘शाडू वापरा’च्या शेजारी लिहिली असती तर पाणीही वाचलं असतं आणि माणूसही. शाडूकडे वळा म्हणणाऱ्या कोणाही भल्या माणसाला ती सुचलेली मला दिसली नाही. पर्यावरणपूरक या शब्दात पर्यावरण कुठे सुरू होतं, असा प्रश्न पडतो. नाकाच्या आत की बाहेर?

कायद्याचा कागद. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वीज असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगार असले की जागा ‘कारखाना’ ठरायची. महाराष्ट्राने पुढे तो आकडा वीस आणि चाळीस केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही वीस आणि चाळीसच आहेत. म्हणजे हमरापूरला ज्याला सगळे कारखाना म्हणतात त्यातले कितीतरी कायद्याच्या भाषेत कारखाने नाहीत. मी हे असंच एका सेमिनारमध्ये सांगितलं होतं, माना डोलल्या, आणि ते अर्धंच बरोबर होतं. व्याख्या नीट वाचा. माणसं आज मोजायची नसतात. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी तेवढी होती का, हे पाहायचं असतं. आणि ‘उत्पादन प्रक्रिये’त वस्तू सजवणं आणि तिच्यावर शेवटचा हात फिरवणंही येतं. फेब्रुवारीत पाच माणसं असलेल्या शेडमध्ये गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात दिवसरात्र मिळून किती हात असतात ते इथे येऊन पाहा. कॉम्प्रेसर विजेवरच चालतो. म्हणजे गणपतीआधीच्या एका दिवसापुरती का होईना, ती जागा व्याख्येत बसते आणि वर्षभर बसलेली राहते.

मालकाने हे वाचलं तर काय करेल? दोन शेड दोन भावांच्या नावावर करेल. मी त्याला दोष देत नाही. संहिता त्याला सांगते की धूळ आणि वाफा काढून टाका, हवा खेळती ठेवा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह द्या. दहा किंवा जास्त माणसं असतील तर नेमणूकपत्र द्या, ठरलेल्या वर्गातल्या कामगारांची वर्षाला मोफत आरोग्यतपासणी करा. सगळं रास्त. कसं करायचं, ते मात्र नाही. कायद्याने ते सांगावं अशी अपेक्षाही नाही, ते मार्गदर्शिकांचं काम. पण वाचणाऱ्याच्या हाती कर्तव्याची यादी येते आणि रीत येत नाही, तेव्हा त्याला त्यात फक्त दंड दिसतो.

शिवाय सगळ्या कागदांत एक बाजू ‘मालक’ आणि दुसरी ‘कामगार’ अशी रेघ असते. मी जिथे जाते तिथे मालक स्वतः स्प्रे मारतो. सगळ्यात जास्त रंग त्याच्याच नाकात जातो. त्याची आई झाडते. वहिनी घासते, तिच्या शेजारी मजुरीवर आलेली बाई घासते, आणि दोघींच्या मध्ये चहाचा एकच थर्मास असतो. रेघ नाहीच असं नाही; नगाचा भाव ठरवताना ती लख्ख दिसते, आणि मूर्ती फुटली की कोणाच्या हिशोबातून जायची यावरूनही. पण धूळ ती रेघ पाळत नाही, आणि ‘मालकाने कामगारास मास्क पुरवावेत’ हे वाक्य इथे वाचलं की जो हसतो तो मालकच असतो.

बाहेरची दोन पत्रकं मला मनापासून आवडतात, त्यांच्याबद्दल न लिहिणं बरं दिसणार नाही. पहिलं ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याचं ‘कॉश एसेन्शियल्स’, १९९९ चं. ज्यांच्याकडे तज्ज्ञ नाही अशा लहान धंद्यांसाठी. तुमचा पदार्थ किती घातक, किती धूळ उडवतो, एका वेळी किती वापरता, एवढ्याची उत्तरं द्यायची आणि त्यावरून एक-दोन पानांचा कागद मिळतो, त्या एका कामापुरता. गोणी रिकामी करणं वेगळं, घासणं वेगळं, झाडणं वेगळं. माझ्या पत्रकात हे तिन्ही ‘धूळ’ या एका शब्दात कोंबलेले होते. त्याची खोट अशी की पहिल्याच प्रश्नाला पदार्थाचं माहितीपत्रक लागतं, आणि आपल्याकडे पुडीवर वजन असतं.

दुसरं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं ‘अर्गोनॉमिक चेकपॉइंट्स’. १९९६ ला निघालं, २०१० च्या आवृत्तीत १३२ मुद्दे आहेत. प्रत्येक मुद्दा म्हणजे एक कृती, शेजारी चित्र, शक्य तिथे स्वस्त उपाय. पण खरी अक्कल आहे ती त्याच्या चौकटींत. ‘हे बरोबर आहे का, चूक आहे का’ असं ते विचारत नाही. विचारतं, ‘इथे काही करावं असं तुम्हाला वाटतं का?’ नाही, हो, आणि हो असेल तर आधी करायचं का. बस. तपासायला आलेल्या माणसाचा प्रश्न नाही हा, तिथे काम करणाऱ्याला विचारलेला आहे. इतक्या साध्या फरकाने वाचणारा ताठ बसतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलं, पुढे सांगते.

आपल्याकडेही चांगलं काम झालंय. खंभातला घराघरांत अकीक घासतात, ती धूळ थेट सिलिकाची. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्या घासकामाच्या चाकाशीच धूळ ओढून घेणारं साधन तयार केलं. धूळ जिथे निघते तिथेच पकडायची, नाकापर्यंत येऊच द्यायची नाही. आमच्या विषयात उपायांची एक उतरंड शिकवतात: आधी घातक वस्तूच काढून टाका, नाहीतर बदला, नाहीतर यंत्राने अडवा, नाहीतर कामाची पद्धत बदला, आणि काहीच जमलं नाही तर मग मास्क. मास्क शेवटचा. आणि भिंतीवरच्या कुठल्याही पोस्टरवर पहिला कोण असतो? कारण मास्कचं चित्र काढता येतं, आणि मास्क दिला की देणाऱ्याची जबाबदारी संपते.

म्हणून मास्कबद्दल. धुळीसाठी मास्क घ्यायचा तर त्यावर आयएस ९४७३ हा मानक क्रमांक पाहावा, एफएफपी-२ दर्जाचा घ्यावा, तो चेहऱ्याला कडेने चिकटून बसला पाहिजे; रुमाल आणि सर्जिकल मास्क इथे कामाचे नाहीत. हे सगळं मी उत्साहाने सांगितलं. डोळे आखणारी एक काकी ऐकून घेत होती. हातातला ब्रश खाली न ठेवता म्हणाली, ‘बाय, मास्क लावला का चष्म्यावर वाफ येते, न डोला तिरका जाते. तिरक्या डोल्याचा गनपती कोन नेईल?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती जे म्हणत होती ते चेष्टा नव्हती. आखणी हा सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग; डोळा बिघडला की मूर्ती गेली, आणि तिच्या मजुरीचा नगही. खरं तर आखणीला मास्क लागतच नाही. पातळ रंग, बारीक ब्रश, उडण्यासारखं काही नाही. तिला मास्क लागतो कारण तिच्या पाठीमागे आठ फुटांवर स्प्रे चालू असतो. म्हणजे प्रश्न तिच्या नाकाचा नव्हताच. स्प्रेची जागा आणि तिची जागा यांच्यात पडदा नव्हता, एवढाच होता. मी एक वर्ष चुकीच्या माणसाला चुकीची सूचना देत होते.

ते ऐकून मालकदादा म्हणाला, स्प्रे शेडच्या पूर्वेच्या टोकाला नेतो, ताडपत्री सोडतो मध्ये. मी खूश. मग तोच म्हणाला, ‘पण हे मेपर्यंत. जुलैत मी दार उघडं ठेवू शकत नाही.’

हे मला कुठल्याच मार्गदर्शिकेत सापडलेलं नव्हतं. ‘दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा’ हे सगळ्या पत्रकांत आहे, जणू जगात एकच ऋतू असतो. हमरापूरला कामाचा कळस आणि कोकणातला पाऊस एकाच वेळी येतात. दमट हवेत मूर्ती वाळत नाही, पाऊस आत आला तर रंग ओघळतो, म्हणून चारी बाजूंनी प्लास्टिक सोडून, आत पंखे आणि बल्ब लावून काम चालतं. ज्या महिन्यात धूळ आणि रंग सर्वात जास्त, त्याच महिन्यात शेड सर्वात बंद. ओलं करून घासण्याचंही तसंच. मूर्ती किंचित दमट असताना ओल्या स्पंजने आणि वॉटरपेपरने घासली तर ढग जवळजवळ उठतच नाही, फेब्रुवारीत आम्ही करून पाहिलं. जुलैत ओली केलेली मूर्ती वाळणार कधी? यंदा अधिक ज्येष्ठ आहे, गणपती १४ सप्टेंबरला, तेव्हा थोडे दिवस हाताशी जास्त आहेत. दरवर्षी नसतात.

म्हणजे इथल्या पत्रकाला महिना हवा. कोणतं काम, कोणत्या महिन्यात, कुठे बसून. ‘मालक’ आणि ‘कामगार’ या शब्दांची गरज नाही, ‘गोणी ओतणारं माणूस’, ‘घासणारं माणूस’, ‘झाडणारं माणूस’ असं म्हटलं की पुरतं.

अजून एक गोष्ट, मग थांबते. घासकाम करणाऱ्या एका ताईला दर वर्षी हंगामात कोरडा खोकला लागतो, गणपती गेले की जातो. दोन वर्षं औषध चालू होतं. तिने केसपेपर दाखवला. नाव, वय, लिंग, गाव, सगळं होतं. काम काय करते, ही ओळच छापलेली नव्हती. इटलीतल्या मोदेनाच्या रामात्सिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात चुना आणि जिप्समचं काम करणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्याने रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक विचारावा, असं त्याचं सांगणं होतं: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. मार्गदर्शिका मालकाला शिकवतात, कामगाराला शिकवतात; केसपेपर छापणाऱ्याला कोणी पत्रक पाठवलेलं नाही. ताईला मी सांगितलं, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी पीओपी घासते आणि खोकला हंगामातच येतो. ती म्हणाली, ‘ते विचारत न्हाईत तं मी कशी बोलू?’ मग मी तिच्या केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहून दिलं.

नवीन कागद आता तयार होतोय. मी लिहीत नाही, त्या लिहितात, मी शुद्धलेखन बघते, तेही फारसं नाही. बारा महिन्यांच्या बारा चौकटी आहेत, आणि प्रत्येकीत तोच प्रश्न, ‘इथे काही करावं असं वाटतं का?’ पहिल्या बैठकीला सगळ्या गप्प होत्या. प्रश्न वाचून दाखवला तशी झाडणारी आजी बोलली, जिला मी आधी कधी काही विचारलंच नव्हतं. काथ्याचा कचरा पडलेला असतो तो भिजवायचा, जमिनीवर टाकायचा आणि मग झाडायचं, धूळ त्याला धरून येते. ती घरी शेणाच्या जमिनीवर पाणी शिंपडून झाडायची, त्याच्यासारखंच. ते सगळ्या चौकटींत गेलं. फेब्रुवारी ते मे मध्ये ओला स्पंज आहे. गोणी टबाच्या काठावर टेकवून सावकाश ओतायची, उंचावरून नाही, हेही आहे. स्प्रेची ताडपत्री आहे. खोबरेल आहे.

जुलैची चौकट रिकामी आहे. ऑगस्टचीही. प्लास्टिकच्या भिंतीत एका बाजूला वरच्या अंगाने पंखा उलटा बसवून हवा बाहेर फेकता येईल का, पाऊस आत न येता, हे मालकदादा पत्र्याच्या दोन तुकड्यांवर आखून बघतोय. जूनमध्ये बसवायचा म्हणतो. तुमच्यापैकी कोणी कोकणात, पावसात, बंद शेडमध्ये रंगकाम किंवा सुतारकाम करत असेल आणि हवेचं काही जमवलं असेल, तर मला लिहा. फोटो असेल तर उत्तम. चौकट मोठी सोडली आहे.